कॅरॅव्हॅनचा मुक्काम : गॅसची निवड आणि गाडी उभी करण्याचा क्रम

कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, पहिल्यांदाच घेऊन निघणाऱ्याला धास्ती असते ती वळणांची आणि गाडी मागे घेण्याची; प्रत्यक्षात बरीचशी फजिती होते ती मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर. शेगडी मध्येच मंदावते, फ्रिज गार होत नाही, बेसिनमधले पाणी तुंबते आणि दार आपणहून उघडत राहते. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ बहुधा दोनच गोष्टींत सापडते : सिलिंडरमधला गॅस हवामानाला साजेसा नसतो, किंवा गाडी समतल उभी केलेली नसते.

सिलिंडरमध्ये गॅस दाबाखाली द्रवरूपात साठवलेला असतो आणि शेगडीला लागते ती त्याची वाफ, हे एकदा लक्षात घेतले की पुढचे सगळे सोपे होते. हा गॅस म्हणजे ब्यूटेन, प्रोपेन किंवा दोन्हींचे मिश्रण. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू (ज्या तापमानाला द्रव उकळून त्याची वाफ होते) शून्य अंश सेल्सिअसच्या किंचित खाली आहे, तर प्रोपेनचा उणे ४२ अंश. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ब्यूटेनचे सिलिंडर हलवून पाहिले तर आत द्रव डुचमळताना जाणवतो, पण बर्नरपर्यंत काहीच पोहोचत नाही. त्यातच वाफ होताना द्रव स्वतःची उष्णता गमावून आणखी गार होतो, म्हणून एकाच वेळी शेगडी आणि हीटर जोरात चालवल्यास बाहेर शून्याच्या वर चार-पाच अंश असतानाही ब्यूटेन दगा देऊ शकतो. दोन्ही वायूंचे मिश्रण असलेल्या सिलिंडरची खोड वेगळी आहे : त्यातला प्रोपेन अधिक वेगाने निघून जातो, मागे मुख्यतः ब्यूटेन उरतो, आणि सुरुवातीला उत्तम चाललेले सिलिंडर शेवटच्या टप्प्यात थंडीत रखडते. हीटर वापरायचा असेल तर प्रोपेनच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ उन्हाळ्यात फिरणाऱ्याला मात्र ब्यूटेन परवडतो, कारण तो अधिक घन असल्याने तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये वजनाने जास्त मावतो.

किती गॅस लागेल याचा अंदाज कागदावर बांधता येतो. एक किलो गॅसपासून साधारण १३ किलोवॅट-तास उष्णता मिळते. म्हणजे २ किलोवॅटचा बर्नर पूर्ण ज्योतीवर सहा-साडेसहा तास चालतो, पण ३ किलोवॅटचा हीटर तोच किलो सव्वाचार तासांत संपवतो. स्वयंपाकाचा खर्च त्यामानाने किरकोळ असतो. सिलिंडर रिकामे करतो तो हीटरच. उरलेला गॅस मोजण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सिलिंडरचे वजन करून त्यावर कोरलेले रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यातून वजा करणे. शक्य असल्यास दोन सिलिंडर बाळगावीत, कारण गॅस संपतो तो नेमका रात्रीच.

सिलिंडर नेहमी उभेच ठेवावे आणि पट्ट्याने घट्ट बांधावे. ते आडवे झाले तर वाफेऐवजी द्रवच नळीत शिरतो आणि ज्योत अचानक भडकते. रेग्युलेटरचा दाब उपकरणांवर छापलेल्या दाबाशी जुळला पाहिजे; युरोपातील अलीकडच्या कॅरॅव्हॅनमध्ये तो ३० मिलिबार असतो. सिलिंडरची तोंडे देशागणिक बदलतात, त्यामुळे सीमा ओलांडण्यापूर्वी आपले सिलिंडर तिकडे भरून किंवा बदलून मिळेल का, हे आधीच विचारून ठेवावे. रबरी नळीवर तारीख छापलेली असते. मुदत संपलेली किंवा वाकवल्यावर तडे दिसणारी नळी बिनदिक्कत टाकून द्यावी. काही जोडांचे आटे उलटे असतात, म्हणून पाना लावण्याआधी दिशा पाहावी. सिलिंडर बदलल्यावर जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे; काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार आजही घडतो, म्हणून तो करू नये हे लिहिणे भाग आहे.

प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट आणि ब्यूटेन सुमारे दुप्पट जड असल्यामुळे गळालेला गॅस खाली साचतो, आणि म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी व गाडीच्या फरशीत झरोके ठेवलेले असतात. गार वारा येतो म्हणून ते पायपुसण्याने झाकणे म्हणजे संकटाला घरात कोंडून घेणे होय. शेगडीचा उपयोग ऊब मिळवण्यासाठी कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्याचा अलार्म आत असलाच पाहिजे. गाडी रस्त्यावर असताना सिलिंडरची चावी बंद ठेवावी.

आता जागेविषयी. गाडी आत घेण्यापूर्वी खाली उतरून ती जागा पायांनी तुडवून पाहावी. खोलगट भागातले हिरवेगार मऊ गवत डोळ्यांना सुखावते, पण एका पावसात चाके तिथे रुततात. झाडाखालची सावली मोहक असते खरी, परंतु डिंक, पक्ष्यांची विष्ठा आणि वादळात तुटणारी फांदी यांचा विचार करता मी उघडी जागा पसंत करतो. वारा जोराचा असेल तर गाडीचे अरुंद तोंड वाऱ्याकडे आणि दार आडोशाच्या बाजूला येईल असे पाहावे. शेजारच्या गाडीपासूनचे अंतर हा आगीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मुक्कामाच्या बऱ्याच तळांवर ६ मीटरचा दंडक असतो आणि तो नसला तरी पाळावा.

उभी करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या गाडीला जोडलेली असतानाच आडवी पातळी साधावी, म्हणजे ज्या बाजूचे चाक खाली आहे ते उताराच्या पाचरीवर हळूहळू चढवावे आणि फरशीवर ठेवलेल्या स्पिरिट लेव्हलमधला बुडबुडा मध्यावर आला की थांबावे. मग हँडब्रेक ओढून चाकांना ठोकळे लावावेत, आणि त्यानंतरच कॅरॅव्हॅन सोडवावी. पुढची-मागची पातळी जॉकी व्हील (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाखालचे छोटे चाक) वरखाली करून साधली जाते. कोपऱ्यांचे पाय सर्वांत शेवटी, खाली लाकडी फळी ठेवून, जमिनीला टेकतील इतकेच उतरवावेत. त्यांच्यावर गाडी उचलण्याचा मोह होतो, पण ते काम त्यांचे नव्हे. त्याने सांगाडा पिळवटतो आणि दार अडकू लागते. ही पातळी केवळ झोपेच्या सोयीसाठी नसते. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचे द्रावण नळ्यांतून स्वतःच्या वजनाने उतरत फिरते, आणि गाडी तिरकी असेल तर ते अडून थंडावा कमी होतो.

तळावर विजेची जोडणी असेल तर गॅसची बचत होते. तारेचे रीळ पूर्ण उलगडावे, कारण गुंडाळलेली तार भार वाढला की तापून वितळू शकते. आधी कॅरॅव्हॅनचे टोक जोडावे आणि मग तळावरच्या विजेच्या खांबावरचे. काढताना आधी खांबाकडचे काढावे. खांबावर १० अँपिअरची मर्यादा असल्यास २३० व्होल्टला सुमारे २,३०० वॉट मिळतात, म्हणजे किटली आणि विजेचा हीटर एकत्र चालणार नाहीत.

निघताना हाच क्रम उलटा करावा : गॅस बंद, वीज काढलेली, कोपऱ्यांचे पाय पूर्ण वर, छतावरच्या खिडक्या लावलेल्या आणि पायरी आत. ठोकळे मात्र कॅरॅव्हॅन पुढच्या गाडीला नीट जोडली जाऊन दिवे तपासून होईपर्यंत काढू नयेत. शेवटी गाडी चार हात पुढे घेऊन थांबावे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर एक चक्कर मारावी. पाचरी बहुतेक वेळा तिथेच राहिलेल्या असतात.