चर्चची सामाजिक शिकवण आणि आपली राज्यघटना : अभ्यासवर्ग घेताना या चुका टाळा

संविधान दिन किंवा प्रजासत्ताक दिन जवळ आला की वसईपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्या ना कुठल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) चर्चची सामाजिक शिकवण आणि राज्यघटना या विषयावर व्याख्यान नाहीतर अभ्यासवर्ग ठरतो. सामाजिक शिकवण म्हणजे समाज, श्रम आणि राज्य यांविषयी कॅथलिक चर्चने पोपच्या पत्रांतून व परिषदांतून मांडलेला विचार. विषय मोलाचा आहे, म्हणूनच त्याची मांडणी ढिसाळ झाली की वाईट वाटते. बहुतेक चुकांचे मूळ एकच असते : शिकवण आणि घटना यांची कामे वेगळी आहेत, याचा विसर पडतो. सत्ता कोणाकडे, किती आणि कोणत्या मर्यादेत असावी हे राज्यघटना ठरवते. त्या सत्तेच्या छायेत माणसाची, विशेषतः दुबळ्या माणसाची, काय स्थिती झाली हे सामाजिक शिकवण विचारते. एकीला दुसरीच्या जागी बसवले की दोघींचेही काम अडते.

सर्वांत सर्रास आढळणारी चूक कालक्रमाची आहे. ‘चर्च पहिल्यापासून लोकशाहीच्या बाजूने उभे आहे’ हे वाक्य भाषणात टाळ्या मिळवते, पण ते खरे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या उदारमतवादी राज्यांकडे पोप संशयानेच पाहत होते. पोप तेरावे लिओ यांनी १८८५ च्या पत्रात राज्यकारभाराचा कोणताही एक प्रकार अनिवार्य नसल्याचे मान्य केले, तरी राज्याने खरा धर्म मानला पाहिजे हा आग्रह सोडला नाही. बारावे पायस यांनी १९४४ च्या नाताळच्या संदेशात लोकशाहीचा गांभीर्याने विचार केला, तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये सत्तेच्या तीन अंगांची विभागणी आणि लेखी हक्कांची सनद यांना अनुकूलता दाखवली, आणि डिसेंबर १९६५ मध्ये जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क असून राज्याच्या घटनात्मक कायद्याने तो मान्य करावा, असे जाहीर केले. आपल्या घटनेचे धर्मस्वातंत्र्य देणारे २५ वे कलम तोवर जवळजवळ सोळा वर्षे अमलात होते, हेही वर्गात मोकळेपणाने सांगावे. उपाय सोपा आहे : प्रत्येक अवतरणापुढे साल लिहावे, आणि दोन सालांतली भूमिका जुळत नसेल तर ती ओढूनताणून जुळवू नये.

याच्या उलट दिशेची चूक म्हणजे घटनेतली चांगली कलमे थेट पोपच्या पत्रांतून आली असे सांगणे. कलम ४३ मध्ये कामगाराच्या निर्वाह वेतनाचा उल्लेख आहे आणि १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रातही कामगाराच्या कुटुंबाला पुरेल अशा मजुरीचा आग्रह आहे, हे खरे. पण साम्य म्हणजे उगम नव्हे. जो धागा खरोखर दाखवता येतो तो आयर्लंडमार्गे येतो. कलम ४३ ज्यांत येते त्या, राज्याच्या धोरणाला दिशा देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपण १९३७ च्या आयरिश घटनेवरून घेतली आणि त्या घटनेवर कॅथलिक सामाजिक विचाराची छाप होती. मात्र त्या आयरिश घटनेची सुरुवात पवित्र त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) नावाने होते, तर आपली ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांनी होते; आपल्या उद्देशिकेच्या आरंभी देवाचे नाव घालण्याची सूचना १९४९ मध्ये घटना समितीत मतदानाने फेटाळली गेली. धागा एवढाच आहे आणि तो तेवढाच दाखवावा.

पूरकतेच्या तत्त्वाबाबतची चूक मला सर्वांत घातक वाटते. पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये हे तत्त्व मांडले : खालच्या पातळीवरचा समूह जे काम स्वतः करू शकतो ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, आणि तो कमी पडतो तेथे वरच्या सत्तेने हात द्यावा. यातला पूर्वार्ध तेवढा घेऊन ‘गावाचे गाव बघून घेईल, सरकारने मध्ये पडू नये’ असा अर्थ लावला जातो. कोकणात राहणाऱ्याने तरी असा अर्थ लावू नये. मुंबई विधिमंडळाच्या १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला, पण गावातल्या सवर्णांच्या दहशतीमुळे त्या पाण्याला हात लावणे शक्य झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, आणि तळ्याच्या वापरावरून न्यायालयात गेलेला वाद उच्च न्यायालयाच्या निकालाने मिटायला १९३७ साल उजाडले. खोतीचेही तसेच आहे. गावाचा सारा वसूल करणारा खोत गावातलाच होता, कुळांची सुटका मात्र मुंबई विधिमंडळाच्या १९४९ च्या कायद्याने झाली. आज कलम १५ विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावाने उल्लेख करून भेदभावाला बंदी घालते, आणि कोणत्याही ग्रामसभेचे बहुमत त्या बंदीला ओलांडू शकत नाही. म्हणून ग्रामसभेचे महत्त्व आणि पंचायतींना घटनात्मक स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती शिकवताना मूलभूत हक्कांचे प्रकरण त्याच दिवशी, त्याच तासाला शिकवावे.

अर्ज लिहिताना होणारी चूक जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, वाडीलगतच्या चिरेखाणीमुळे विहिरींचे पाणी खाली गेले आहे आणि धर्मग्रामातली मंडळी ग्रामसभेला अर्ज देणार आहेत. पहिला मसुदा बहुधा असा होतो : ‘पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या पत्रात पृथ्वीला सर्वांचे सामायिक घर म्हटले आहे, सबब सदर खाण त्वरित बंद करावी.’ या ‘सबब’च्या आधी कायद्याला धरता येईल असे काहीच नसल्यामुळे ग्रामसेवकाला त्यावर पुढे काही करता येत नाही, आणि ज्यांच्या विहिरी तितक्याच आटल्या आहेत त्या इतरधर्मीय शेजाऱ्यांना तो अर्ज आपला वाटत नाही. मसुदा दुरुस्त करताना खाणीचा गट नंबर, विहिरीपासूनचे अंतर आणि कोणत्या महिन्यात पाणी तळाला गेले याची नोंद लिहावी, खाणपट्ट्याच्या अटींची प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी, आणि कलम २१ मधील जीविताच्या हक्कात न्यायालयांनी स्वच्छ पाणी व पर्यावरण अंतर्भूत मानले आहे, याचा आधार द्यावा. शिकवणीचे काम त्याआधीचे आहे. खाण बंद झाली तर तेथे चिरे काढणाऱ्या, बहुतेक वेळा बाहेरगावच्या, मजुरांच्या चुलीचे काय, हा प्रश्न तिने अर्जदारांच्या बैठकीत विचारावा. तो विचारला गेला तर ठरावात पर्यायी कामाची मागणीही येते.

ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना धर्मस्वातंत्र्याची आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांची कलमे २५ ते ३० सांगून थांबणे ही आणखी एक चूक. ती कलमे आवश्यक आहेतच, परंतु घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती असून धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळांतल्या राखीव जागांचा आग्रह सोडण्याच्या बाजूने होते, हेही श्रोत्यांना कळावे. सामाजिक शिकवणीचा गाभा मानवी प्रतिष्ठा हा आहे आणि ती नागरिकत्वावर अवलंबून नाही. कलम १९ मधील भाषण, संचार यांसारखी स्वातंत्र्ये केवळ नागरिकांची आहेत, समानतेचे कलम १४ आणि जीविताचे कलम २१ मात्र प्रत्येक व्यक्तीला लागू होतात. रत्नागिरीच्या हापूस बागेत राखणीसाठी राहणाऱ्या नेपाळी कामगाराचे उदाहरण घेतले, त्याची मजुरी, झोपायची जागा, आजारपणातली सोय विचारात घेतली, की घटना आणि शिकवण कुठे एकत्र येतात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

निवडणुकीच्या दिवसांत एक पथ्य कडकपणे पाळावे. धर्मगुरूने राज्यसत्तेचे पद स्वीकारण्यास चर्चचा स्वतःचा कायदाच मनाई करतो, आणि उमेदवार वा त्याच्या संमतीने इतर कोणी धर्माच्या नावावर मते मागितल्यास १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार ते निवडणुकीतले ‘भ्रष्ट आचरण’ ठरते. तेव्हा अभ्यासवर्गात कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात बोलू नये. पाणी, मजुरी, किनारा, जमीन यांविषयीचे प्रश्न सर्व उमेदवारांना सारख्याच शब्दांत लेखी पाठवावेत आणि आलेली उत्तरे, उत्तर न देणाऱ्यांच्या नोंदीसह, जशीच्या तशी वाचून दाखवावीत.