मॉडेल टी ठोकते, हादरते? इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

फोर्ड मॉडेल टीचं (१९०८ ते १९२७) इंजिन मुळातच थरथरतं. २.९ लिटरचे चार सिलिंडर, क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) तीनच मेन बेअरिंग (तो पेलणारे आधार) आणि काउंटरवेट (तोल साधणारी वजनं) नाहीत. सगळी थरथर घालवायच्या मागे लागू नका. काल नसलेला आवाज आज कुठून येतोय, ते शोधा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ठोका ऐकू आला की थेट बेअरिंगला हात घालणं. आधी स्टिअरिंगखालचा डावा लिव्हर बघा, तो स्पार्कची वेळ बदलतो. चढावर स्पार्क फार अ‍ॅडव्हान्स (वेळेआधी पडणारा) राहिला तर इंजिन ठोकणारच. लिव्हर दोन-तीन खाचा वर घ्या. आवाज गेला तर विषय संपला.

हादरे बसत असतील तर प्लगच्या वायरी तपासा. बहुतेक चार सिलिंडर गाड्यांच्या सवयीने सिलिंडरमध्ये स्पार्क पडण्याचा क्रम १-३-४-२ धरून जोडलं जातं. मॉडेल टीचा क्रम १-२-४-३ आहे. मग इंजिन संथ चालू ठेवून कोरड्या लाकडी काडीने एकेका कॉइलची (प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला स्पार्कसाठी वीज देणारी पेटी) थरथरणारी पट्टी दाबून धरा (बोट लावू नका, झटका बसतो). दाबूनही इंजिनाच्या चालीत फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर आधीपासून बंद आहे. दाबल्यावर ठोका मंदावला, तर त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडवर (पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणारा दांडा) संशय घ्या.

कॉइल नुसत्या आवाजावरून जुळवू नका. पॉइंटमधलं (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांमधलं) अंतर सुमारे ०.८ मिमी हवंच, पण चारही कॉइल टेस्टरवर साधारण १.३ अँपियरला बसवाव्या लागतात. नाहीतर प्रत्येक सिलिंडरचा स्पार्क वेगळ्या क्षणी पडतो आणि लिव्हर कितीही हलवला तरी चाल एकसारखी होत नाही.

रॉड सैल असेल तर वेगात असताना गॅस कमी केल्यावर पोलादावर हलकी हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. मेन बेअरिंगचा ठोका चढावर, जड आणि बसका. ऑइल पंप नसल्याने तेलाची पातळी इंजिनाखाली मागे असलेल्या दोन तपासणी-नळांच्या मधेच हवी; लांब चढावर तेल मागे जातं आणि पुढचा, १ नंबरचा रॉड कोरडा पडतो.

इंजिनाचे बाजूचे हात (ज्यांवर ते चॅसीला टेकतं) चॅसीला नुसते आवळू नका. आधी त्यांचे रिव्हेट आणि तडे बघा.

मागच्या अ‍ॅक्सलमधून घरघर येत असेल तर जाड ग्रीस भरून ती दाबणं धोक्याचं आहे. आतले मूळ बॅबिटचे (मऊ मिश्रधातूचे) थ्रस्ट वॉशर (गिअर जागेवर ठेवणाऱ्या चकत्या) झिजून तुटतात, गिअर एकमेकांपासून सरकतात. पायाचा ब्रेक ट्रान्समिशनवर चालतो, त्यामुळे गिअर सुटले की तोही जातो. अ‍ॅक्सल उघडून ब्राँझचे वॉशर बसवा. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.