नोकरी, लोकल आणि घर : आठवड्याचा तोल कसा साधावा

विरार, डोंबिवली किंवा बदलापूरहून रोज मुंबईत नोकरीला जाणाऱ्या जोडप्याने दिवसाचे नवे वेळापत्रक आखण्याआधी आपला वेळ आज नेमका कुठे जातो, हे लिहून काढावे. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. त्यात स्थानकापर्यंतची रिक्षा, फलाटावरचा खोळंबा आणि उतरल्यावरची बस धरली, तर अनेकांचे तीन-चार तास केवळ येण्याजाण्यात संपतात, आणि पहाटे उठून व्यायाम करण्याचा संकल्प अशा घरात बहुधा झोपेच्याच मुळावर येतो.

म्हणून एक आठवडाभर दोघांनीही आपापली कामे वहीत नोंदवावीत. स्वयंपाक, भांडी, मुलांचा अभ्यास ही कामे चटकन आठवतात; पण दळण संपत आले आहे हे ध्यानात ठेवणे, सिलिंडरचा नंबर लावणे, शाळेच्या फीची तारीख सांभाळणे, सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर आणणे, हेही कामच आहे आणि त्याची नोंद आवर्जून व्हायला हवी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण मुळातच सुमारे २६ टक्के होते. आपल्या घरातील आकडे याहून फार वेगळे निघाले नाहीत, तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर अर्धा तास बसून कामे वाटून घ्यावीत आणि प्रत्येक काम पूर्णपणे एकाच्या हाती सोपवावे. दळण ज्याच्याकडे असेल, त्याने डब्यातील पीठ स्वतः पाहावे, गिरणीत जावे आणि कोणी आठवण करून देण्याची वाट पाहू नये. पहिले काही आठवडे चुका होतील, एखाद्या दिवशी बाहेरची पोळी आणावी लागेल. तेवढ्यासाठी काम परत आपल्याकडे ओढून घेऊ नये. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही पाण्याच्या बाटल्या भरणे, कपड्यांच्या घड्या घालणे यांसारखी कामे नेमून द्यावीत.

प्रवासाच्या वेळेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. चर्चगेट ते बोरिवली ही महिला विशेष लोकल १९९२ मध्ये सुरू झाली, आणि परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी ठेवून भाजी निवडणाऱ्या बायका आजही दिसतात. त्यांच्या चिकाटीचे कौतुक खूप झाले. मला मात्र वाटते की ती भाजी घरी दुसऱ्या कोणीतरी निवडावी आणि निदान परतीचा प्रवास तिच्या वाचनासाठी, गाण्यांसाठी किंवा नुसते डोळे मिटून बसण्यासाठी मोकळा राहावा. बसायला जागा मिळत नसेल आणि कार्यालयाची मुभा असेल, तर कामाची वेळ अर्धा-एक तास अलीकडे किंवा पलीकडे घेता येते का, हे वरिष्ठांना लेखी विचारावे.

कार्यालयाचे निरोप रात्री किती वाजेपर्यंत पाहायचे, हे ठरवून सहकाऱ्यांना सांगावे आणि खऱ्या तातडीसाठी फोन करण्याची सोय ठेवावी. प्रौढांना साधारण सात तास झोप लागते, त्यामुळे उठण्याची वेळ ठरलेली असेल, तर उलटी मोजणी करून निजण्याची वेळ काढावी आणि त्यानंतर उरलेले काम सकाळसाठी किंवा रविवारसाठी सोडावे.

सणांच्या दिवसांत ही घडी हमखास विस्कटते. म्हणून दिवाळीच्या किमान पंधरा दिवस आधी फराळातील कोणते एक-दोन पदार्थ सगळ्यांनी मिळून घरी करायचे आणि चकली, अनारसे यांसारखे वेळखाऊ पदार्थ ओळखीच्या गृहउद्योगाकडून कधी मागवायचे, हे दोघांनी मिळून ठरवावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना तेव्हाच विश्वासात घेऊन सांगावे.