महापूर, म्हैस आणि देव : वाद कसा मांडावा

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठी ‘देव आहे की नाही’ यावर वाद पेटला, की दहा मिनिटांत गाडी बुवाबाजीवर नाहीतर कुणाच्या तरी नवसावर जाते. म्हणून आधी कागद घ्या आणि चार वाक्यं लिहा : देव सर्वशक्तिमान आहे. तो सर्वज्ञ आहे. तो पूर्ण दयाळू आहे. तरी जगात दुःख आहे. ही चारही एकत्र खरी कशी, हा खरा पेच. समोरचा काहीही बोलला तरी एवढंच बघायचं, की त्याच्या उत्तरानं यातलं कुठलं वाक्य सैल पडलं.

त्याआधी ‘कुठला देव?’ हे विचारून घ्या. आपल्याकडे जैन समाज मोठा आहे आणि जैन दर्शनात जगाचा कर्ता ईश्वरच नाही. तिथं हा पेच पडतच नाही.

देवाच्या बाजूनं बोलणारे बहुतेकदा न्यायदर्शनातले जुने पंडित उदयनाचार्य यांचीच वाट धरतात : मडक्याला कुंभार लागतो, तसा पृथ्वीलाही कर्ता हवा. युक्तिवाद तगडा आहे. पण तो पूर्ण मान्य केला तरी हाती कर्ता येतो, दयाळू कर्ता नाही. तिसरं वाक्य वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

आता उदाहरण घ्या, तेही जवळचं. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांवर गेलं. या दुःखाचे दोन भाग पाडा. पूररेषेत बांधलेली घरं हा माणसाचा निर्णय. तिथं ‘देवानं माणसाला स्वातंत्र्य दिलं’ हे उत्तर चालतं. अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांनी 1974 मध्ये ते काटेकोरपणे मांडलं. पण गोठ्यात दाव्याला बांधलेली, रात्री नाकापर्यंत पाणी चढलेली म्हैस घ्या. मालकाच्या हातून दावं सुटायचं राहिलं, हे माणसाकडे गेलं. तिची ती शेवटची घटका कुणाच्या कामी आली? तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी 1979 मध्ये वणव्यात होरपळलेल्या पाडसाबद्दल हेच विचारलं होतं.

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांचा 1955 मधला दावा होता, की अशी वाक्यं एकत्र खरी असूच शकत नाहीत. त्याला एखादं *शक्य* कारण दाखवलं तरी पुरतं. रो एवढंच म्हणतात, की असं दुःख पाहता असा देव असणं संभवत नाही. तिथं शक्यता दाखवून भागत नाही, कारण पटण्याजोगं लागतं. एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊ नका.

कर्माचं उत्तर ब्रह्मसूत्र या वेदान्ताच्या मूळ ग्रंथात आहे (2.1.34) : देव पक्षपाती किंवा निर्दय ठरत नाही, कारण तो कर्म पाहून फळ देतो. मग कर्मापुढे त्याचे हात बांधलेले आहेत का, हे विचारा. पहिलं वाक्य हललं की नाही ते तिथं कळतं.

राहिलं ‘त्याची लीला आपल्याला काय कळणार’. हे उत्तर टाकाऊ समजू नका. रो यांच्यापुढे सगळ्यात जास्त तेच टिकतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. नृसिंहवाडीला पुराचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला गर्दी लोटते. त्याच शिरोळ तालुक्यातला ऊस बुडवणाऱ्या पाण्यामागचा हेतू आपल्याला कळत नसेल, तर पादुकांवरचं पाणी ही कृपाच, हे कशावरून कळलं?