डिटेन्शन बेसिनमध्ये स्थानिक वनस्पती लावताना या चुका टाळा

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातील वसाहतींमध्ये, जिथे अनेक मराठी कुटुंबेही राहतात, घरांच्या मागे एक गवताळ खळगा दिसतो. छपरांवरून आणि रस्त्यांवरून वाहून येणारे पाणी काही तास अडवून ओढ्यात सावकाश सोडण्यासाठी हे डिटेन्शन बेसिन बांधलेले असते. जुन्या बेसिनमध्ये पाणी स्वच्छ करण्याचा विचार फारसा नव्हता. बारीक कापलेले लॉन आणि मधून गेलेला काँक्रीटचा पाट यांमुळे गाळ आणि खते सरळ ओढ्यात पोचतात. खोल मुळांच्या स्थानिक वनस्पती लावल्यास पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि नायट्रोजन व फॉस्फरसचा काही भाग माती आणि मुळे धरून ठेवतात. तरीही असे प्रयत्न फसतात, कारण जलव्यवस्थेचे हे काम निव्वळ बागकाम समजून केले जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक कुदळ मारण्याआधीच होते. बेसिनची साठवणक्षमता हिशेब करून ठरवलेली असते, त्यामुळे सुपीक मातीचा थर पसरणे किंवा काँक्रीटचा पाट परस्पर फोडणे म्हणजे मंजूर आराखड्यात बदल करणे होय. टाउनशिपची, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाची, लेखी परवानगी आणि अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय यांतले काहीही करू नये. बांधावर झुडपे किंवा वृक्ष लावण्याचा मोहही टाळावा. मुळे कुजल्यावर त्यांच्या जागी राहिलेल्या पोकळ्यांतून पाणी झिरपू लागते आणि बांध कमकुवत होतो.

दुसरी चूक म्हणजे पाणी कुठे आणि किती वेळ थांबते हे न पाहता रोपांची यादी करणे. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस पाहणी केली, तर तळ, उतार आणि काठ असे तीन वेगळे पट्टे स्पष्ट दिसतात. ओल्या तळात सॉफ्ट रश, ब्लू फ्लॅग आयरिस आणि स्वॅम्प मिल्कवीड तग धरतात. उतारावर स्विचग्रास, तर कोरड्या काठावर लिटल ब्लूस्टेम बरे. रस्त्यावरचे पाणी जिथे आत शिरते तिथे हिवाळ्यातले मीठही येते, म्हणून तिथे मीठ सोसणारे स्विचग्रास निवडावे. अळू आणि कर्दळ लावण्याची हौस अंगणातल्या कुंडीत भागवावी. या दोन्ही वनस्पती त्या भूमीतल्या नव्हेत.

बियांबाबतही घाई नडते. मिल्कवीडसारख्या वनस्पतींच्या बियांना रुजण्यापूर्वी ओलसर थंडीचा काळ लागतो, त्यामुळे वसंतात थेट पेरलेले बी त्या वर्षी बहुधा उगवत नाही. अशा बियांची पेरणी उशिरा शरदात करावी किंवा तयार रोपे आणावीत. कोवळ्या रोपांवर कॅनडा गीझ हे रानहंस तुटून पडतात, म्हणून ती वाढेपर्यंत जाळी ठेवावी. खत घालू नये: पोषकद्रव्ये अडवायची तिथे ती ओतण्यात अर्थ नाही, आणि खताचा फायदा तणच आधी उचलते.

सगळ्यांत जास्त गोंधळ कापणीबाबत होतो. पहिल्या वर्षी बेसिन ओसाड दिसते, शेजारी तक्रार करतात आणि कंत्राटदार सवयीने सगळे जमिनीलगत कापून टाकतो. वास्तविक पहिल्या हंगामात तण उंच वाढू लागले की सुमारे आठ इंचांवर कापावे. त्यामुळे वार्षिक तण बी धरण्याआधी छाटले जाते आणि मुळे घट्ट करण्यात गुंतलेल्या रोपांना ऊन मिळते. पुढे वर्षातून एकच कापणी, हिवाळ्याच्या शेवटी, पक्षी घरटी करण्याआधी पुरेशी होते. कापलेले गवत बाहेर न्यावे. तिथेच कुजले तर त्यातली पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळतात. हे वेळापत्रक कंत्राटातच लिहावे, कारण तोंडी सूचना पुढच्या मोसमात कोणाच्या लक्षात राहत नाही.

फ्रॅगमायटीज हे झपाट्याने पसरणारे उंच गवत शिरले असेल तर नुसते कापून ते जात नाही, कारण जमिनीखालच्या खोडांतून ते पुन्हा फुटते. पाण्याजवळ वापरण्यास मान्यता असलेले तणनाशक परवानाधारकाकडूनच मारून घ्यावे.

डासांची भीती रहिवाशांच्या बैठकीत हमखास निघते. डासाला अंड्यापासून प्रौढ होण्यास साधारण एक आठवडा लागतो, त्यामुळे 72 तासांत निचरा होणाऱ्या बेसिनमध्ये त्याची पैदास सहसा होत नाही. पाणी त्याहून जास्त थांबत असेल, तर आधी निचऱ्याच्या तोंडावरची जाळी पाहावी. बहुतेकदा तिथे पाने आणि प्लॅस्टिक अडकलेले असते.