एसव्हीसीहोस्ट दिसलं म्हणून लगेच डिलीट मारू नका, आधी ती फाईल कुठं बसलीय ते बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या ओळखीचं हळदीचं अडत दुकान आहे, तिथल्या दिवाणजी काकांचा ऐन सीझनला दुपारी फोन आला, "अरे हिशोबाचं टॅली उघडंना झालंय, विक्रीच्या पट्ट्या निघंनात, शेतकरी थांबलेत बाहेर, आणि टास्क मॅनेजरमध्ये ते एसव्हीसीहोस्ट पन्नास-साठ वेळा दिसतंय, सगळा व्हायरसच आहे बघ, काढून टाकू का?" म्हटलं काका, कशालाच हात लावू नका, विश्रामबागेतनं निघालोच मी.

तर पहिली गोष्ट. एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई ही विंडोजची स्वतःची फाईल आहे, विंडोजच्या बऱ्याच सर्व्हिस, म्हणजे मागं गुपचूप चालणारी कामं, तिच्या आत चालतात. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासनं साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसला वेगळं एसव्हीसीहोस्ट मिळतंय, म्हणून पन्नास-साठ दिसणं एकदम नॉर्मल आहे. आकड्यावरनं काही ठरवू नका. आणि खरी फाईल उडवली तर काय होतंय ते २१ एप्रिल २०१० ला जगानं बघितलंय, मॅकॅफी अँटिव्हायरसच्या एका चुकीच्या अपडेटनं विंडोज एक्सपीचं खरं एसव्हीसीहोस्टच व्हायरस समजून उचललं आणि ठिकठिकाणचे कॉम्प्युटर बंद-चालू, बंद-चालू होत बसले.

आता बघायचं कसं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर येतोय, त्यात डिटेल्समध्ये जा. वरच्या हेडिंगवर राइट क्लिक करून सिलेक्ट कॉलम्स घ्या आणि इमेज पाथ नेम आणि कमांड लाईन या दोघांवर टिक करा. एकेका फाईलवर राइट क्लिक करत बसण्यापेक्षा हे बरं, सगळे पत्ते एका नजरेत दिसतात. खरं एसव्हीसीहोस्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२ मधनं चालतंय, क्वचित सिसवाव६४ मधनं, आणि त्याच्या कमांड लाईनमध्ये डॅश आणि के असतंय. एक्सप्लोरर डॉट ईएक्सई मात्र थेट विंडोज फोल्डरमध्ये असतंय, ते सिस्टिम३२ मध्ये नाही म्हणून घाबरू नका. ॲपडेटा, टेम्प, डाऊनलोड्स, प्रोग्रॅमडेटा असल्या ठिकाणी एसव्हीसीहोस्ट किंवा एक्सप्लोररचं नाव दिसलं तर ते शंभर टक्के संशयाचं.

स्पेलिंग पण नीट वाचा. एलसॅस (एल-एस-ए-एस-एस) नावाची विंडोजची लॉगिन सांभाळणारी फाईल आहे, तिचं पहिलं अक्षर छोटं एल असतंय, चोर तिथं कॅपिटल आय टाकतात आणि स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतंय. एसव्हीसीहोस्टमध्ये सी आणि व्ही ची अदलाबदल, नाहीतर शेवटी एक जादा एस, हे पण नेहमीचं. मी तर नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये मोठ्या अक्षरात बघतो. जुन्या सल्ल्यात सांगतात की सिस्टिम या विंडोजच्या खात्याऐवजी तुमच्या युजर नावानं एसव्हीसीहोस्ट चालत असेल तर व्हायरस, ते आता खरं नाही, विंडोज १० पासनं काही सर्व्हिस युजरच्या नावानं पण चालतात.

पत्ता बरोबर असला तरी सही बघाच, म्हणजे फाईल खरंच मायक्रोसॉफ्टची आहे याचा डिजिटल शिक्का. प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन लिहिलेलं असणं याला काडीची किंमत नाही, ते कोणीपण लिहू शकतंय. आणि उलट, डिजिटल सिग्नेचरचा टॅब दिसला नाही म्हणून फाईल खोटी असंही नाही, विंडोजच्या कितीतरी फायलींची सही वेगळ्या कॅटलॉग फाईलमध्ये असते. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनंच फुकट मिळणारा प्रोसेस एक्सप्लोरर हा प्रोग्रॅम घ्या, ॲडमिन म्हणून चालवा, ऑप्शन्समध्ये व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स चालू करा. खऱ्या फाईलपुढं व्हेरिफाइड मायक्रोसॉफ्ट विंडोज पब्लिशर किंवा मायक्रोसॉफ्ट विंडोज असं येतंय.

त्याच ऑप्शन्समध्ये व्हायरसटोटल या फाईल तपासणाऱ्या वेबसाइटचा चेक आहे, तो फाईल पाठवत नाही, फक्त तिचा हॅश म्हणजे फाईलचा अंगठा पाठवतोय, आणि सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसपैकी किती जणांनी बोट दाखवलंय ते सांगतोय. एक-दोघांनीच दाखवलं आणि सही बरोबर असेल तर बहुतेक खोटा अलार्म. वीस-तीस जण बोलत असतील तर विषय संपला. शून्य आलं म्हणून मात्र निवांत होऊ नका, नवीन व्हायरस सुरवातीला कोणालाच माहीत नसतोय. आणि गिऱ्हाइकांच्या हिशोबाच्या फायली तिथं कधीच अपलोड करू नका, अपलोड केलेलं दुसऱ्यांना बघायला मिळू शकतंय.

काकांच्या मशीनवर सगळी एसव्हीसीहोस्ट सिस्टिम३२ मधली निघाली, एक सोडून. ते ॲपडेटामधल्या रोमिंगमध्ये बसलेलं, कमांड लाईनमध्ये काही नाही, सही नाही. पहिल्यांदा नेटची वायर काढली. मग पाथ कागदावर लिहून घेतला, टॅलीचा बॅकअप घेतला, आणि विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समधनं डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन लावला. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज चालू व्हायच्या आधीच स्कॅन होतंय, पंधराएक मिनिटं जातात, पण चालू विंडोजमध्ये लपून बसणारं पण सापडतंय. खरी फाईल असून आतनं काहीतरी विचित्र चाललंय असं वाटत असेल तरी हाच स्कॅन लावा, कारण व्हायरस खऱ्या एसव्हीसीहोस्टच्या पोटात पण शिरू शकतोय. नंतर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ चालवलं, विंडोजची एखादी फाईल बिघडली असेल तर ती जागेवर येते. बँकेचे पासवर्ड काकांनी मोबाईलवरनं बदलले, त्या मशीनवरनं नाही. तुमच्या खात्यातनं पैसे गेलेले दिसले तर मात्र स्कॅन वगैरे नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

संध्याकाळी पट्ट्या निघाल्या. मग काकांचा पेन ड्राइव्ह बघितला, त्यात फोल्डरसारखं दिसणारं एक चित्र होतं, पण एक्सप्लोररच्या व्ह्यूमधनं फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू केल्यावर त्याच्या शेपटाला डॉट ईएक्सई दिसलं. काका म्हणाले, "मी तर रोज ह्याच्यावरच डबल क्लिक करत होतो रे."