बोनेअरला गाडीला कुलूप लावू नका

कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर भाड्याचा पिकअप समुद्राकाठी लावून स्कूबा डायव्हिंगला उतरणार असाल, तर दारं उघडी ठेवा आणि काचा खाली करा. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग चावीही देऊन ये चोरांना!"

बोनेअरला डाईव्ह साइट शोधावी लागत नाही, रस्त्याकडेला पिवळ्या दगडांवर नावं रंगवलेली असतात. आपली सोय तीच चोराची. दगडाशी रिकामा पिकअप दिसला की मालक पाण्यात आहे आणि तासभर काही येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. बंद काच तो फोडतोच, आणि ती भरून द्यायची आपण. उघड्या गाडीत डोकावेल, काही नाही म्हणून निघून जाईल. तरी गाडी घेतानाच काउंटरवर विचारा: उघडी ठेवली तर चालेल ना, आणि विम्यात काच-टायर येतात का?

काही नाही म्हणजे काहीच नाही. सनस्क्रीन नाही, चार्जरची वायर नाही, सीटखाली दडवलेली पिशवी तर मुळीच नाही. डॅशबोर्डचा खण उघडा टाकून ठेवा, रिकामा दिसू दे. पासपोर्ट, लॅपटॉप खोलीतल्या तिजोरीत. अंगावर जुना टॉवेल आणि झिजलेल्या चपला. मागे हवेच्या जादा टाक्या राहिल्या तर राहू द्या, पण रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारा) आणि मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर कधीच नाही. 'थाउजंड स्टेप्स' (हजार पायऱ्या) नावाच्या डाईव्ह साइटला जास्त जपा. पायऱ्या जेमतेम सत्तरेक, पण खाली गेलात की वरची गाडी दिसत नाही.

खरी पंचाईत चावीची. रिमोटवाली चावी खाऱ्या पाण्यात मेलीच समजा, म्हणून साधी चावी मिळते का ते आधीच विचारा. ती क्लिपने बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या, खिशातल्या कडीला अडकवायची. टायरवर किंवा दगडाखाली ठेवू नका, वेटसूट चढवताना तुमच्याकडे बघणारं कुणीतरी असतं. लायसन्स आणि थोडे डॉलर (इथलं चलन डॉलरच) डबीत घालून सोबत न्या. पण बीचवर मिळणारी 'वॉटरप्रूफ' डबी पोहण्यापुरती असते. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो. पहिल्या डाईव्हला डबीत नुसता टिश्यू पेपर घालून न्या. कोरडा परत आला तरच लायसन्स ठेवा.

एवढं करूनही गेलंच काही, तर गाडी हलवायच्या आधी फोटो काढा, ९११ ला फोन करा आणि पोलिसांकडून लेखी तक्रार घ्या. माझ्यासारखा नेदरलँड्समधून प्रवास विमा काढला असेल, तर त्या कागदाशिवाय दावा पुढे सरकत नाही. गाडीत सोडलेल्या वस्तूंचे पैसे बऱ्याच पॉलिसींमध्ये मिळत नाहीत, ते कलम निघण्यापूर्वी वाचा. रेग्युलेटर आणि कॉम्प्युटरच्या सिरियल नंबरचे फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा, नुसते फोनमध्ये नकोत.